जुन्या घराच्या उतरत्या फरशीवर जड फिश टँक कसा बसवायचा

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या जुन्या घरांत लेव्हलमध्ये असलेली खोली शोधायला गेलं तर सापडायची नाही. सोप्यातली, म्हणजे पुढच्या खोलीतली, शहाबादी फरशी उंबऱ्याकडे उतरती असते, कारण खोली धुतली की पाणी बाहेर जायला हवं. स्वयंपाकघराचा उतार मोरीकडे. पूर्वी म्हशी बांधायच्या त्या जागेचा आता हॉल झाला असेल, तर उतार गटारीकडे आणि तोही चांगला ठसठशीत. हे उतार गवंड्यानं मुद्दाम दिलेले. त्यात घुशींनी पोखरलेला भराव, एका कोपऱ्यात दबलेली फरशी आणि मधेच कधीतरी बदललेल्या चार मोझॅक टाइल्स यांची भर पडते.

अशा जमिनीवर चार फुटी टँक ठेवता येतो. मात्र आधी एक फरक नीट समजून घ्या: टँक कलणं वेगळं आणि टँक पिळणं वेगळं. चार फुटांत एक टोक १० मिमी खाली असेल तर त्या टोकाला पाणी मधल्यापेक्षा ५ मिमी जास्त खोल असतं. ४०० मिमी खोलीवर ५ मिमी म्हणजे काचेवरचा दाब सव्वा टक्क्यानं वाढला. दिसायला वाईट दिसतं, पण तेवढ्यानं काच फुटत नाही. याउलट तीन कोपरे टेकलेत आणि चौथ्याखाली फक्त २ मिमीची फट आहे, तर पाणी भरताना टँकचा तळ पिळला जातो. काच वाकत नाही. ताण जातो सिलिकॉनच्या सांध्यावर आणि तळाच्या काचेच्या कोपऱ्यावर. टँक एक तर लगेच तडकतो, नाहीतर सहा महिन्यांनी मध्यरात्री. त्यामुळे आधी पीळ घालवायचा, मग कल. बहुतेक लोक उलटं करतात, पाणसळीचा (स्पिरिट लेव्हलचा) बुडबुडा मधे आणून खूश होतात.

वजन किती, ते आधी कागदावर

उदाहरणाला ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक घेऊ. आकारमान ९ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर. वरचे दोन इंच मोकळे सोडले तर पाणी सव्वादोनशे किलो. १० मिमी काचेचं वजन चौरस मीटरला २५ किलो, त्या हिशोबानं काच ५० किलो. दोन इंच खडीचा थर ४५ किलो. लोखंडी स्टँड ३० ते ३५. सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या पुढं.

हे वजन चार पायांवर वाटलं तर पायाला सुमारे ९० किलो. स्टँड ४० × ४० × ५ मिमी अँगलचा असेल तर पायाच्या टोकाचं क्षेत्रफळ पावणेचार चौरस सेंमी. म्हणजे फरशीवर दर चौरस सेंमीला २४ किलो. त्याच पायाखाली १० × १० सेंमीची जाड लोखंडी प्लेट दिली की तोच दाब एका किलोच्या आत येतो. आणि स्टँड डुगडुगत असेल तर कर्णातले दोनच पाय जवळजवळ सगळं वजन घेतात. शहाबादी फरशीला कोपऱ्यात गेलेला तडा बहुधा इथूनच सुरू होतो.

जागा निवडताना

जमिनीला लागून असलेल्या खोलीत, भिंतीलगत, पण भिंतीपासून तीन-चार इंच सोडून. मातीच्या जुन्या भिंती पावसाळ्यात खालून ओल धरतात. टँक चिकटून असेल तर तिथं हवा खेळत नाही आणि मागं हातही जात नाही. चौकातलं ऊन थेट येतं ती जागा टाळा, शेवाळाला तेवढंच लागतं.

आता फरशी वाजवून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं प्रत्येक पायाच्या जागी आणि आजूबाजूला फूटभर ठोका. भरीव फरशीचा आवाज टणक, आखूड येतो. पोकळ फरशी बद् वाजते. पोकळ असेल तर पाय थोडा सरकवून भरीव जागा मिळते का पाहा. मिळत नसेल तर ती फरशी उचलायची, खालची माती पाहायची, घुशीचं बीळ असेल तर ते खडी आणि मुरूम ठासून बुजवायचं आणि मगच फरशी सिमेंट-वाळूच्या मालात परत बसवायची. पोकळ फरशीवर नुसती प्लेट टाकून भागवू नका. वजन प्लेटवर पसरतं, पण फरशीखालचं बीळ काही बुजत नाही.

नदीकडच्या भागात २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरात शिरलं होतं, तिथं हे ठोकून बघणं दुप्पट काळजीनं करा. पाणी ओसरताना भरावातली बारीक माती घेऊन जातं. वरून फरशी धड दिसते, खाली पोकळी.

जमीन मोजायची: लेव्हल पाइप

मोबाइलमधलं ॲप विसरा. पाठीमागचा कॅमेरा फुगीर असतो, मोबाइल सपाट टेकतच नाही. दोन फुटी पाणसळ चालेल, पण आधी तिची परीक्षा घ्या: एका जागी ठेवून बुडबुडा कुठं आहे ते पाहा, मग तीच पाणसळ त्याच जागी टोकं बदलून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या एकाच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर पाणसळ खरी. नाही दिसला तर ती दुकानात परत द्या.

जमीन मोजायला मात्र गवंड्याचा लेव्हल पाइपच घ्या. ८ ते १० मिमीची पारदर्शक नळी, पाच मीटर पुरते. त्यात कपड्याच्या निळीचे दोन थेंब टाकलेलं पाणी भरा. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये; अडकलेली हवा मोजमाप चुकवते. बुडबुडा असेल तर नळी उंच धरून टिचक्या मारा.

जमिनीवर स्टँडच्या चार पायांच्या जागा खडूनं आखा आणि त्यांना ओळीनं अ, ब, क, ड नावं द्या, म्हणजे अ च्या समोर कर्णात क येईल. दोन सारख्या स्टीलच्या फूटपट्ट्या घ्या, शून्य थेट टोकाशी असलेल्या. एक पट्टी अ वर उभी धरा, दुसरी ब वर. नळीची दोन टोकं दोन पट्ट्यांना लावा, पाणी डोलायचं थांबलं की दोन्हीकडचा आकडा एकाच वेळी वाचा. इथं दोन माणसं लागतात. अ वर २०० मिमी आणि ब वर २०४ आलं तर ब ची जमीन ४ मिमी खाली आहे. जिथं आकडा मोठा, तिथं जमीन खोल. नवीन माणूस हे हमखास उलटं लिहितो. असंच अ–क आणि अ–ड मोजा. तिन्ही मोजमापं पुन्हा एकदा घ्या आणि एका मिमीच्या वर फरक आला तर तिसऱ्यांदा.

समजा आकडे आले: अ ०, ब ४, क ११, ड ९. आता कर्णांची बेरीज करा. अ + क = ११. ब + ड = १३. दोन्ही बेरजा सारख्या आल्या असत्या तर जमीन नुसती कललेली. इथं २ चा फरक आहे, म्हणजे जमीन पिळलेली आहे आणि ताठ स्टँड ठेवला की एका पायाखाली २ मिमीची फट पडणार. सगळ्या कामात हा हिशोब सगळ्यात उपयोगाचा आहे, आणि त्याला लागतं काय, तर पेन्सिल.

स्टँडचा माथा तपासा

जमीन पिळलेली असते तसा स्टँडही असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं अँगल ओढला जातो. माथ्याच्या चार कोपऱ्यांवरून कर्णात दोन बारीक दोरे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम चिकटले पाहिजेत. फट दिसली तर माथ्याला पीळ आहे. चिकटलेले दिसले तरी खालचा दोरा वरून घेऊन पुन्हा बघा, कारण खालचा दोरा वरच्याला उचलून धरत असला तर पीळ लपतो. मध्ये १ मिमी फट म्हणजे एक कोपरा तब्बल २ मिमी वर किंवा खाली. असा स्टँड फॅब्रिकेशनवाल्याला परत द्या. पायाखाली कितीही पट्ट्या घातल्या तरी वेल्डिंगनं पिळलेला माथा सरळ होत नाही.

चार फुटी स्टँडला मधे निदान एक, शक्यतो दोन आडवे अँगल हवेत. वर १८ किंवा १९ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, टँकच्या तळापेक्षा इंचभरही लहान नको.

पायाखाली काय घालायचं, काय नाही

आधी नको ते. लाकडी पाचर नको: आषाढात फुगते, वैशाखात आकसते. पुठ्ठा, घडी केलेला कागद, जुन्या चपलेचा तुकडा नको. रबर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि चार पायांखाली सारखं पसरत नाही. पायाखाली थर्माकोल तर अजिबात नको. नाणी लोक सर्रास घालतात. त्यांचं क्षेत्रफळ इतकं लहान की फरशीत रुतून बसतात.

हवं ते लोखंड किंवा स्टेनलेस. कोल्हापुरात ही चैन आहे: शिवाजी उद्यमनगरात पत्रा कापून देणारे आणि लेथवाले हाकेच्या अंतरावर. १०० × १०० मिमीचे तुकडे मागा: ६ मिमीचे आठ, ३ मिमीचे चार, २ मिमीचे चार, १ मिमीचे सहा, अर्ध्या मिमीचे चार. लोखंड घेतलं तर रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंट. टँकवाल्या घरात फरशी कधी ना कधी ओली होतेच. कडांचा बर (कापताना राहिलेली धार) घासून घ्या, नाहीतर तुकडे एकमेकांवर सपाट बसत नाहीत. एका पायाखाली चारपेक्षा जास्त तुकड्यांची चळत नको.

फरक साधारण १२ मिमीच्या आत असेल तर तुकडे पुरतात. १२ ते २५ मिमी असेल तर बोल्टचे पाय करून घ्या. पायाच्या तळाला ६० × ६० × ८ मिमीची भोक पाडलेली प्लेट, तिला एम १६ चा (१६ मिमी बोल्टचा) नट वेल्ड केलेला. त्यातून एम १६ चा बोल्ट, डोकं खाली, ते १०० × १०० × ८ च्या सुट्या प्लेटवर टेकलेलं. वर घट्ट करायला एक चेक नट. एम १६ च्या साध्या आट्यांचा पीच २ मिमी. म्हणजे पूर्ण फेरा २ मिमी, अर्धा १, पाव फेरा अर्धा मिमी. पाना २४ चा. आटे २५ मिमीपेक्षा जास्त उघडे पडू देऊ नका, स्टँड आडवा हलायला लागतो.

प्रत्यक्ष लेव्हल

१. चारही पायांखाली ६ मिमीची प्लेट. हा पाया सगळीकडे सारखा.

२. सगळ्यात उंच कोपऱ्याला हात लावायचा नाही. वरच्या उदाहरणात तो अ. बाकीचे उचलायचे, उंच कोपरा खाली आणायला फरशी खोदायची नाही.

३. ब ला ४, ड ला ९ मिमी घाला. माथ्यावर चार फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणि तिच्यावर पाणसळ ठेवून लांबी बघा, मग रुंदी. लांबीत २ मिमीपर्यंत फरक चालतो, ३ मिमी म्हणजे एक सूत ही हद्द. रुंदीत १ मिमी. राहिलाच तर कल भिंतीकडे असू द्या, खोलीकडे नको.

४. आता क. हिशोबानं ११ हवेत, पण आकड्यावर जाऊ नका. तीन पायांवर लेव्हल जमली की चौथ्याखालची फट जेवढी, तेवढंच भरायचं. ११ चा तुकडा कोंबून घातला तर क उचलला जाईल आणि त्याच्या शेजारचा पाय हवेत.

५. प्रत्येक पायाखाली पत्त्याचं पान सरकवून बघा. पान साधारण ०.३ मिमीचं असतं; ते कुठंही आत जाता कामा नये. पान गेलं तर हॅकसॉचं ब्लेड, ते ०.६ च्या आसपास. ब्लेडही गेलं तर अर्ध्या मिमीचा तुकडा घाला आणि पुन्हा चारी पाय तपासा, कारण एक पाय उचलला की बाकीच्यांचं टेकणंही बदलतं.

६. टँक चढवायच्या आधी स्टँडवर सिमेंटची ५० किलोची दोन पोती रात्रभर ठेवा. पोती मिळत नसतील तर पाण्याचे २० लिटरचे पाच जार. प्लेटा बसतात, फरशीतला कच्चेपणा उघडा पडतो. सकाळी पोती तशीच ठेवून पुन्हा पान फिरवा. एखादा पाय २ मिमीपेक्षा जास्त बसला असेल तर तिथली फरशी संशयित; पुढं जाऊ नका.

थर्माकोल कशासाठी

प्लाय आणि टँक यांच्या मधे १० ते १२ मिमीचा थर्माकोल, टँकच्या मापाचा, एकाच तुकड्यात. त्याचं काम एवढंच: वाळूचा कण, प्लायचा गाठीचा उंचवटा, अर्धा-एक मिमीचा खडबडीतपणा गिळणं. लेव्हल करणं हे त्याचं काम नव्हे. एका बाजूला दुहेरी थर्माकोल घालून टँक सरळ करणं हा टँक फोडायचा खात्रीचा उपाय आहे, कारण दुहेरी बाजू दुप्पट दबते. टँक आणि स्टँडच्या मधे पट्ट्या, पाचरी काहीही नको. जे करायचं ते स्टँडच्या खाली. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या तयार टँकला मात्र थर्माकोल लावत नाहीत. त्याची तळाची काच चौकटीच्या वर अधांतरी असते, थर्माकोल तिला खालून ढकलतो.

टँक ठेवण्याआधी थर्माकोलवर तळवा फिरवा. एक खडीचा दाणा राहिला तरी पुरे.

पाणी भरताना

पाव टँक भरा, थांबा. पत्त्याचं पान चारी पायांना. अर्धा भरा, पुन्हा तेच. आता पाणसळीपेक्षा चांगलं साधन टँकमध्येच आहे: पाण्याची रेघ. चारी कोपऱ्यांत टँकच्या बाहेरच्या खालच्या कडेपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. लांबीत फरक ३ मिमीच्या आत असेल तर पुढं चला. जास्त असेल तर आताच पाणी पावावर आणा आणि दुरुस्त करा. पूर्ण भरल्यावर २४ तास मासे, खडी काही नको. दुसऱ्या दिवशी मोजा, आठवड्यानं मोजा, महिन्यानं मोजा. आकडे स्टँडच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, वही हरवते.

भरलेल्या टँकचा स्टँड पहारीनं उचलून पट्टी सरकवायचा मोह फार होतो. एक पाय उचलला की साडेतीनशे किलो पिळले जातात. पाणी पावाच्या खाली आणल्याशिवाय नट फिरवायचा नाही.

फरक एका इंचाहून जास्त असेल, किंवा जमीन सारवलेली असेल

मग पायांशी खेळण्यात अर्थ नाही, खाली सपाट ओटा करा. प्लायवूडचं बंद कॅबिनेट असेल तर फरक कमी असला तरी हेच करा, कारण त्याची पूर्ण कड टेकावी लागते आणि चार ठिकाणी पट्ट्या घातल्या की मधली कड लोंबकळते.

साडेचार फूट × २० इंचाची २० मिमी कडप्पा फरशी एका तुकड्यात आणा. भाड्याच्या घरात किंवा जुनी चांगली फरशी वाचवायची असेल तर आधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. त्यावर १ ला ४ चा सिमेंट-वाळूचा माल, उंच बाजूला निदान २० मिमी. सरासरी २५ मिमी जाडीला ७ किलो सिमेंट आणि बादलीभर वाळू पुरते. माल घट्ट ठेवा, मुठीत दाबला तर गोळा राहील इतपत. पातळ मालात कडप्पा तरंगते आणि वाळताना एका बाजूला बसते. कडप्पा रबरी हातोड्यानं ठोकत लेव्हलला आणा, पूर्ण वाजवून बघा, कुठंही बद् आवाज नको. सात दिवस ओलं गोणपाट. त्याआधी टँक नाही. सारवलेल्या जमिनीवर मालाखाली चार इंच मुरूम धुम्मसानं ठोकून घ्या.

माडीवर

लाकडी तुळया, फळ्या आणि वर मातीचा कोबा असलेल्या माडीवर चार फुटी टँक नको, कितीही लेव्हल केला तरी. आजच्या काँक्रीटच्या घरांच्या खोल्यांनासुद्धा भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो आहे. आपला टँक स्वतःच्या तळाखाली ६०० च्या वर देतो. माडीवर हौस भागवायची तर २ × १ × १ फुटाचा, ५६ लिटरचा टँक. तोही भिंतीजवळ आणि लांबी तुळयांना आडवी, म्हणजे वजन दोन तुळयांवर जातं. आधी तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं खिळा टोचून बघा. ओल आणि वाळवी तिथंच लागते. मग परातीत पाणी भरून टँकच्या जागी ठेवा आणि घरातल्या जाड माणसाला शेजारून चालायला सांगा. पाण्यावर लाटा उठल्या तर जागा बदला.

पावसाळा आणि उन्हाळा

काळ्या मातीवरचं घर वर्षभर एका जागी राहत नाही. माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आकसून भेगाळते, आणि पाया उथळ असलेल्या घराची फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. म्हणून एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा वळवाच्या आधी एप्रिलमध्ये चारी कोपऱ्यांतली पाण्याची उंची मोजून मार्करच्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. सगळा टँक एका बाजूला एक-दोन मिमी गेला तर सोडून द्या. पायाखाली पान जायला लागलं तर पाणी पावावर आणून तो पाय भरा. गणपतीच्या आरासीसाठी कुणी टँक ‘जरा’ सरकवला असेल तर चारही पाय पहिल्यापासून तपासा. बोल्टच्या आट्यांना वर्षातून एकदा ग्रीस लावा. गंजलेला नट वेळेवर फिरत नाही आणि मग पुन्हा पहार हातात येते.